फलित : एक स्टूल

धाकटी : …आधी बसू तरी द्या, ताई. आणि पाणी द्या. तुमचा हा जिना चढून माणूस आधी दमतो आणि मग मनातलं बोलतो.

ताई : मंजूर झालं की नाही, ते एका शब्दात सांग. मग पाणी पी.

धाकटी : एका शब्दात सांगण्यासारखं नाहीये ते.

दादा : दोन शब्दांत होईल.

धाकटी : तू गप्प बस. आत जे बोलायचं होतं ते बोलला नाहीस, आता मध्ये मध्ये करू नकोस.

दादा : आत बोललो की.

धाकटी : बोललास ना. ठरलेलं सोडून बाकी सगळं बोललास. ताई, तुम्हीच सांगा, आपण याच्याकडून काय घोकून घेतलं होतं? 'मी लिफ्ट दुरुस्त करतो. मी मनाने आजारी पडलो. या समुपदेशन केंद्रामुळे बरा झालो. केंद्र बंद करू नका. धन्यवाद.' शाळेतलं पोरसुद्धा म्हणेल. मी याला आरशासमोर उभा करून म्हणवून घेतलं. सकाळी बसमध्येही म्हणवून घेतलं.

दादा : बसमधल्या लोकांना पाठ झालं.

ताई : मग अडलं कुठे?

धाकटी : क्रमाने सांगते. आम्ही पालिकेच्या कार्यालयाच्या दारात पोचलो, तर तुमचा पत्ता नाही. फोन लावला, तुम्ही उचलत नाही. म्हटलं, अख्खं केंद्र जिच्या जिवावर चालतं तीच नाही, आणि आम्ही दोघं काय दिवे लावणार आत? हा मात्र शांत. म्हणतो, केंद्रावर कोणी आलं असेल, ताई त्यांना सोडून कशा येतील.

ताई : हं.

धाकटी : मलाही पटलं ते. मग आम्ही आत जाऊन बसलो. समितीपुढे आपल्या आधी रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय होता आणि आपल्या नंतर मोकाट कुत्र्यांचा. दिव्यांचं बराच वेळ चाललं. आपला विषय आला तेव्हा एकाने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, हा लहानच आहे, उरकून टाकू.

ताई : कोण कोण होतं?

धाकटी : मधे अध्यक्षबाई. चेहरा असा, की ताकास तूर लागू देणार नाहीत. उजवीकडे हिशेबवाले साहेब, त्यांच्या हातात लाल पेन. डावीकडचे गृहस्थ पूर्ण वेळ फोनमध्ये. मला वाटलं, खेळताहेत. नंतर कळलं, ते अ‍ॅप बघत होते.

ताई : कसलं अ‍ॅप?

धाकटी : तेच तर सांगायचंय. केंद्राच्या जागी त्यांना एक अ‍ॅप आणायचंय. भाडं नाही, पगार नाही, जिना नाही. सकाळी उठलं की फोन विचारतो, आज कसं वाटतंय. खाली पाच चेहरे. रडका, पडका, बरा, हसरा, आणि एक नुसतेच दात काढलेला. त्यातला एक दाबायचा. मग तो एक सुविचार पाठवतो. फोनवाल्यांनी ते याच्या हातात दिलं, म्हणाले, वापरून बघा, अगदी सोपं आहे.

ताई : आणि?

धाकटी : हा बघत बसला. बघतोय, बघतोय. सगळे थांबलेत. शेवटी ते म्हणाले, काही अडचण आहे का? तर हा विचारतो, 'यांच्यापैकी कोणी घरी येतं का?'

दादा : मला माहीत नव्हतं. म्हणून विचारलं.

ताई : काय म्हणाले ते?

दादा : म्हणाले, पुढच्या टप्प्यात विचार करू.

धाकटी : मग हिशेबवाल्यांनी लाल पेन उघडलं. म्हणाले, 'मला साधा आकडा द्या. या केंद्रातून आजवर किती जण बरे झाले?' ताई, हीच ती जागा. याच जागी याने म्हणायचं होतं, मी झालो. मी टेबलाखालून याला कोपराने ढोसलंसुद्धा. आणि हा म्हणतो, 'मी तरी नाही झालो.'

ताई : असं म्हणालात, दादा?

दादा : खरं तेच सांगायचं, असं तुम्हीच म्हणता.

ताई : म्हणते. ते या खोलीत.

धाकटी : मी कपाळाला हात लावला. साहेब खूश. म्हणाले, म्हणजे केंद्राचा उपयोग झाला नाही असं धरू या? हा म्हणाला, 'झाला. मी कामावर जातो. जेवतो. अंघोळ करतो. अधूनमधून परत बिघडतं, मग गुरुवारी केंद्रात जाऊन बसतो. मग परत जातो.' साहेब म्हणाले, पण कायमचा बरा झालेला एक तरी माणूस दाखवा. तर हा काय म्हणाला, सांग तूच.

दादा : मी विचारलं, पाणीपुरवठ्याच्या लोकांना विचारता का, किती जणांची तहान कायमची भागली.

ताई : …बरं.

धाकटी : बरं काय, ताई. अध्यक्षबाई आधी पाणीपुरवठ्यातच होत्या. मला बाहेरची जुन्या अधिकाऱ्यांची पाटी वाचून ठाऊक होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या म्हणाल्या, 'मी तिथे इतकी वर्षं काढली. हा प्रश्न मला कोणी विचारला नाही.'

ताई : रागाने म्हणाल्या?

धाकटी : तेच कळेना. त्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही. पण त्यांनी साहेबांना पेन खाली ठेवायला लावलं आणि याला म्हणाल्या, तुम्ही सांगा, केंद्र नेमकं करतं काय? आणि मग हा गप्प झाला. मला वाटलं, झालं, आता हा तिथेच बंद पडणार, पूर्वीसारखा. त्याच्या हातावर हात ठेवावा की नाही, तेही कळेना. आणि मग हा बोलायला लागला. ताई, मी याची सख्खी बहीण. त्या सगळ्या दिवसांत याच्या दाराशी ताट ठेवलंय मी. पण जे याने त्या तीन अनोळखी माणसांना सांगितलं, ते मी आज पहिल्यांदा ऐकलं.

ताई : जोडीदाराचं सांगितलंत?

दादा : हो.

धाकटी : मला एवढंच माहीत होतं, की याचा कामावरचा जोडीदार लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला. एवढंच याने घरी सांगितलं होतं. आज म्हणाला, 'तो खाली उतरत होता, मी वरून टॉर्च धरला होता. तो पडला. टॉर्च पडला नाही. माझ्या हातात तसाच चालू होता. लोक आले तेव्हाही चालू होता. नंतर कोणीतरी तो माझ्या हातातून घेतला आणि बंद केला.' एवढंच. हुंदका नाही, काही नाही. बिघाड सांगावा तसं सांगितलं. ताई, तुम्हाला हे माहीत होतं?

ताई : हो.

धाकटी : आणि मला सांगितलं नाहीत.

ताई : ते त्यांचं होतं.

धाकटी : हं. असो. मग म्हणाला, त्यानंतर मी कामावर जायचो आणि इमारतीच्या दारात उभा राहायचो. आत पाय पडायचा नाही. मग घराच्या दारात उभा राहायला लागलो. मग खोलीच्या. मग दार लावूनच घेतलं. आता यातला पुढचा भाग मी सांगितला, कारण याला तो धड माहीत नाही. मी मोठ्या इस्पितळात फोन केला होता. थंडीत केला, तर मला उन्हाळ्यातली तारीख मिळाली. मी म्हटलं, अहो, माणूस जेवत नाहीये. तिकडून म्हणाले, मग उन्हाळ्याआधी बरं वाटलं तर तारीख रद्द करायला विसरू नका.

ताई : हे समितीत सांगितलंस?

धाकटी : जसंच्या तसं. अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. मग आमच्या इमारतीचं सांगितलं. आमच्या लिफ्टची देखभाल यानेच करायची. हा खोलीत, त्यामुळे लिफ्ट बंद. शेजारी रोज दार वाजवायचे. मला आधी वाटायचं, काय माया आहे लोकांची. ते विचारायचे, लिफ्ट कधी सुरू होणार.

दादा : वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं होती. बरोबर होतं त्यांचं.

धाकटी : तुला सगळ्यांचंच बरोबर वाटतं. मग मी सांगितलं, की कोणीतरी या केंद्राचं नाव काढलं, आणि दुसऱ्याच दिवशी एक बाई अख्खा जिना चढून आमच्याकडे आल्या. मला वाटलं होतं, काहीतरी करतील. औषध देतील, समजावतील, दार तरी उघडवतील. त्या याच्या खोलीबाहेर जमिनीवर बसल्या, पिशवीतून विणकाम काढलं आणि विणत बसल्या. जाताना दाराला म्हणाल्या, 'मी पुढच्या गुरुवारी येते.' मी स्वयंपाकघरात आईला म्हटलं, ही बाई याच्यापेक्षा जास्त आजारी दिसते.

ताई : ऐकू आलं होतं मला.

धाकटी : आलं असेल. घर केवढंसं आमचं. तर त्या आल्या की आपल्या दाराशी बोलायच्या. आज जिन्यात रंगाचा वास येतोय. आज खालच्यांचं मांजर हरवलंय. आज मांजर सापडलं. आतून हूं नाही की चूं नाही. असे किती गुरुवार गेले, मी मोजायचं सोडून दिलं. पुढचं तू सांग. तिथे सांगितलंस तसंच.

दादा : त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी आतून विचारलं, लिफ्ट अजून बंद आहे का. ताई म्हणाल्या, हो. मी विचारलं, मग तुम्ही चालत येता? म्हणाल्या, हो. मी विचारलं, गुडघे? म्हणाल्या, दुखतात.

धाकटी : मग?

दादा : मग पुढच्या गुरुवारी मी दाराबाहेर स्टूल ठेवलं.

धाकटी : ताई, तुम्ही तिथे असायला हवं होतं. हिशेबवाल्यांनी शांतपणे विचारलं, म्हणजे इतक्या महिन्यांचं काम, येण्याजाण्याचा खर्च, पगार, या सगळ्याचं फलित एक स्टूल? आणि हा म्हणाला, 'हो.' टेबलाच्या कडेला एक मुलगी बसून सगळं लिहून घेत होती. मी वाकून वाचलं. तिने लिहिलं होतं, 'फलित : एक स्टूल.'

ताई : तसंच लिहिलं?

धाकटी : खाली रेघ मारून. मला हसू यावं की रडू, ते कळेना, म्हणून मी खोकले. पण ताई, मला तो गुरुवार आठवत होता. दाराची कडी वाजली म्हणून मी आणि आई पळत आलो, तर दार परत लागलेलं आणि बाहेर स्टूल. आई त्या स्टुलाशी उभी राहिली. मी म्हटलं, आई, ते स्टूल आहे. ती म्हणाली, मला दिसतंय. आणि तिथेच खाली बसून रडली. हे मात्र मी समितीत सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं.

ताई : नाही. बरोबर केलंस.

धाकटी : मग अध्यक्षबाई म्हणाल्या, आता तुमची मागणी सांगा. ठरल्याप्रमाणे याने म्हणायचं, केंद्र बंद करू नका. धन्यवाद. हा म्हणाला, 'केंद्रात अजून एक माणूस द्या.'

ताई : दादा…

धाकटी : आहे ते वाचवायला गेलो होतो, आणि हा वाढवून मागतोय. साहेबांनी विचारलं, आत्ताच्या बाईंना काम झेपत नाही का? हा म्हणाला, 'झेपतं. लिफ्टचा एक दोरही सगळं वजन पेलतो. तरी आम्ही एकावर लिफ्ट सोडत नाही.' मला वाटलं, आता टाळ्या पडतील.

ताई : पडल्या?

धाकटी : अध्यक्षबाई म्हणाल्या, लिफ्टचा विभाग वेगळा आहे.

दादा : आहे खरा वेगळा. मागच्या इमारतीत.

ताई : आता निकाल सांगाल का मला कोणी?

धाकटी : निकाल असा, की केंद्र बंद नाही. आत्ता नाही. या वर्षापुरतं चालू. अ‍ॅपही येणार. येईल त्याच्याकडून तुम्ही रोज एक चेहरा दाबून घ्यायचा. दुसऱ्या माणसाचं काय विचारलं, तर म्हणाल्या, विचाराधीन.

दादा : मी म्हटलं होतं, दोन शब्दांत होईल. बंद नाही.

धाकटी : आणि निघताना अध्यक्षबाईंनी याला थांबवून विचारलं, गुरुवारी कधी असता तुम्ही तिथे? मी येऊन बघेन म्हणते. बघा, म्हणजे काहीतरी हललंय त्यांच्या आत. लढाई जिंकली नसेल, पण हरलो नाही, ताई. मला वाटलं होतं, तुम्ही ऐकून उडी माराल. तुम्ही तर सुतकात बसल्यासारख्या बसलाय.

ताई : नाही गं. चांगलं झालं. खूप चांगलं केलंत दोघांनी.

दादा : सकाळी कोण आलं होतं इथे?

ताई : कोण म्हणजे?

दादा : तुम्ही आला नाहीत ते. कोण आलं होतं?

ताई : कोणी नाही. मी सकाळी इथे नव्हते.

धाकटी : मग कुठे होता?

ताई : तिथेच. कार्यालयासमोरच्या बसथांब्यावर. तुम्ही दोघं आत जाताना दिसलात मला. तू यांची कॉलर नीट करत होतीस.

धाकटी : अहो, मग हाक नाही मारायची? फोनसुद्धा उचलला नाहीत.

ताई : फोन हातातच होता. वाजताना बघत होते. रस्ता ओलांडायला उठले, तर पाय उचलेना. आधी वाटलं, गाड्या आहेत म्हणून. मग सिग्नल पडला, रस्ता मोकळा झाला, तरी तेच. परत बसले. शेजारी एक आजी होत्या. त्यांनी विचारलं, तुझी बस गेली का, बाळा? मी म्हटलं, हो.

दादा : गेली होती?

ताई : सगळ्याच गेल्या.

धाकटी : ताई, चला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे. माझ्या ओळखीचे एक आहेत, म्हणजे दाताचे आहेत, पण ते सांगतील कोणाकडे…

दादा : छोटे, थांब जरा. कधीपासून होतंय, ताई?

ताई : बरेच दिवस. अंथरुणावर पडलं की झोप येत नाही आणि उठायची वेळ झाली की उठवत नाही. इथे आले की ठीक असते. समोर माणूस बसलेलं असलं की मला काही होत नाही. ते उठून जिना उतरायला लागलं की मग होतं. पुढचं माणूस येईपर्यंत.

दादा : तुम्हाला कोण आहे?

ताई : घरी आई आहे. मामा येऊन जाऊन असतो.

दादा : घरचं नाही विचारत. मला तुम्ही आहात. तुम्हाला कोण?

ताई : आमच्यात पद्धत असते. माझ्यावर एक वरिष्ठ बाई असतात. मी अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसायचं आणि तुमचं सगळ्यांचं ऐकून माझ्यात जे साठतं, ते तिथे रिकामं करायचं.

धाकटी : मग जा की त्यांच्याकडे. आजच जा.

ताई : ते पद रिकामं आहे.

धाकटी : कधीपासून?

ताई : मी रुजू झाले तेव्हापासून.

धाकटी : आणि तुम्ही आजवर एका शब्दाने बोलला नाहीत कुणाला?

ताई : वर कळवलं होतं. त्यांनी कळवलं, विचाराधीन आहे.

धाकटी : बरं झालं, गुरुवारी त्या बाई येताहेत ते. मी सुट्टी काढून येते आणि त्यांच्या तोंडावर सांगते. तुम्ही काळजी करू नका, तुमचं नाव घेणार नाही.

ताई : इथे मी एकटी काम करते, धाकटे. नाव न घेता कसं सांगशील?

धाकटी : …ते बघू. तुम्ही हो म्हणाल तरच सांगेन.

ताई : मला विचार करू दे. सांगायला हवं, हे मलाही कळतं. दुसऱ्याला मी तेच सांगितलं असतं.

दादा : उठा तुम्ही.

ताई : कुठे जायचंय?

दादा : कुठे नाही. इकडे या. इथे बसा, मी तिकडे बसतो.

ताई : तुमच्या जागी?

दादा : हो. मला विचारता वगैरे काही येणार नाही, आधीच सांगतो.

धाकटी : मग काय करणार तू तिकडे बसून?

दादा : बसणार. छोटे, तू खाली जिन्यापाशी थांब. कोणी आलं तर सांग, जरा वेळ लागेल.

धाकटी : विचारलं कोणी, आत कोण आहे, तर?

दादा : म्हण, ताईंकडे माणूस आलंय.

धाकटी : बरं. मी दार ओढून घेते. लावत नाही, नुसतं ओढते.

ताई : दादा, खरंच, एवढं काही नाही हो. थोडी विश्रांती घेतली की…

दादा : बसा आधी.

ताई : …ही खुर्ची डुगडुगते.

दादा : हो.

ताई : कधीपासून? इतके लोक येऊन बसले इथे, मला कोणी बोललं कसं नाही?

दादा : आम्हाला वाटायचं, मुद्दाम ठेवलीये.